बेलेममध्ये माराजोआरा रांजण घडवताना: कामाच्या नोंदी

बायकोची दोन वर्षांची नोकरी ब्राझीलमधल्या बेलेम शहरात, आणि तिच्यामागे मी, फलटणचा चित्रकला शिक्षक, बिनपगारी रजेवर. ॲमेझॉनच्या मुखाशी माराजो नावाचं बेट आहे, केरळपेक्षा जरा मोठं. तिथल्या सखल, वर्षातले कित्येक महिने पाण्याखाली जाणाऱ्या माळांवर साधारण इसवी सन 400 ते 1300 या काळात लोकांनी मातीचे मोठाले उंचवटे रचले. त्यांना इथे 'तेझो' म्हणतात. पूर आला की माणसं त्यांवर राहायची, आणि माणूस गेला की त्याच्या अस्थी रांजणात घालून त्याच मातीत पुरायची. ते रांजण पाहिल्यावर हात शिवशिवले. चाक न वापरता, उघड्या जाळावर भाजून तसा एक तरी करायचा, एवढंच ठरवलं होतं. कुणाला असलंच काही करायचं असेल तर माझे पैसे आणि आठवडे कुठे वाया गेले ते आधी वाचा.

6 ऑगस्ट 2023

बेलेम शहर 1616 साली जिथून वसलं त्या जुन्या किल्ल्यातल्या संग्रहालयात गेलो. तीन तास काचेला नाक लावून रेखाटनं केली आणि रांजणाची उंची ठरवून टाकली, 70 सेंटिमीटर. घरी आल्यावर आठवलं की आजवर हाताने वळ्या रचून 25 सेंटिमीटरपेक्षा उंच काहीही केलेलं नाही. निमूट 38 वर आलो. सोबत दोन वाडगे आणि तीन 'तांगा'. तांगा म्हणजे आपला घोड्याचा टांगा नव्हे. बायकांनी कमरेखाली बांधायचं मातीचं त्रिकोणी, किंचित फुगीर झाकण, तिन्ही कोपऱ्यांना दोरीसाठी भोकं. काचेआड होते त्यांतल्या कुठल्याही दोनांची नक्षी एकसारखी नव्हती.

8 ऑगस्ट

पुन्हा किल्ला, पुन्हा तिकीट. कारण परवाची सगळी रेखाटनं उलटी निघाली. मी समजत होतो की नक्षीची रेघ कोरलेली आहे. दिव्याच्या तिरप्या उजेडात पाहिलं तेव्हा दिसलं की रेघ वर उभी आहे आणि तिच्या आजूबाजूची माती खरवडून काढली आहे. म्हणजे नक्षी काढायची नाही, नक्षी सोडून बाकीचं काढायचं. काम तिप्पट झालं.

9 ऑगस्ट

इकोआरासी. शहराच्या मध्यापासून सुमारे 20 किलोमीटर, बसने तासाच्या वर. इथल्या पाराकुरी वस्तीत कुंभारांच्या कामाच्या जागा ओळीने आहेत. मेस्त्रे कार्दोसो नावाच्या इथल्या कुंभाराने गोएल्दी संग्रहालयातल्या मूळ वस्तूंचा अभ्यास करून प्रतिकृती घडवल्या, आणि आता माराजोआरा नक्षीच्या कुंड्या-फुलदाण्यांवर वस्तीतली कितीतरी घरं चालतात.

एका साठीच्या कारागीर बाईंनी महिना 300 रेआलवर कोपरा दिला (एक रेआल साधारण 17 रुपये). सगळे त्यांना 'तिया' म्हणतात, म्हणजे मावशीच. पोर्तुगीज माझी मोडकीतोडकी. माती कशात कालवायची ते मी हातवारे करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "गामेला." कोपऱ्यात लाकडी काठवट होती. मी म्हटलं, आमच्याकडेही घमेलंच म्हणतात, फक्त ते लोखंडी. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग परात, चावी, बटाटा अशी यादी ऐकवली, तेव्हा कुठे पटलं.

ओढ्याकाठची राखाडी माती, 40 किलो, 60 रेआल. लोण्यासारखी मऊ, एक खडा नाही. मी खूश. मावशींनी नुसतं "हं" केलं.

14 ऑगस्ट

त्या "हं"चा अर्थ कळला. नुसत्या मातीचे दोन वाडगे केले होते. दोन्हींच्या तळाला आडव्या चिरा. ओल्या मातीच्या पट्टीवर 10 सेंटिमीटरची रेघ मारून ठेवली होती, ती वाळून 9.1 झाली. एवढी आक्रसणारी माती कुठेतरी फाटणारच. आपल्याकडे कुंभार लीद, राख, भुसा असलं काहीतरी कालवतो ते याचसाठी, हे मला माहीत होतं. पण मऊ माती हातात आल्यावर अक्कल गहाण पडली.

माराजोच्या पूर्वेकडच्या माळांवर दगड म्हणून नाही. कुऱ्हाडीचा दगडसुद्धा बाहेरून यायचा. मग कालवायला काय घ्यायचं? ॲमेझॉनच्या खोऱ्यात याची तीन जुनी उत्तरं आहेत: 'कराइपे' नावाच्या झाडाच्या सालीची राख, नदीतले स्पंज, आणि फुटक्या मडक्यांचा भुगा. मी सालीपासून सुरुवात केली. ती चूक होती, पण का ते कळायला दोन आठवडे गेले.

17 ऑगस्ट

बाजारातून 'कराइपे' म्हणून साल आणली, 45 रेआल. अंगणात जाळली. पांढरीशुभ्र, हलकी राख पडली, पाण्यात घातली तर अर्धी तरंगली आणि अर्ध्याचा चिखल झाला. मावशींनी चिमूटभर घेतली, दोन नखांत चोळली आणि फुंकून टाकली. "बाळा, ही चुलीतली राख."

खऱ्या कराइपेच्या सालीत सिलिका भरलेली असते. जाळल्यावरही तिचा सांगाडा उरतो आणि नखांत चोळला की करकरतो. विकत घेताना साल मोडून नखाखाली करकर लागते का ते आधी पाहा.

26 ऑगस्ट

मावशींच्या भाच्याने खरी साल आणून दिली, 30 रेआल. जाळून, कुटून, पिठाच्या चाळणीने चाळली. मळताना हाताला फरक लगेच लागला, वळी वाकवली तर तडकत नाही. नवे दोन वाडगे एकही चीर न जाता वाळले.

मग पुन्हा किल्ल्यात जाऊन एका फुटक्या रांजणाची कड पाहिली आणि डोक्याला हात लावला. कडेत राखेची काळी-करडी ठिपकी कुठेच नव्हती, विटकरी-नारिंगी कण होते. खापरांचा भुगा! माराजोआरा मडक्यांत मुख्यतः तोच असतो, हे वाचलं होतं आणि वाचून विसरलो होतो. साल वाईट नाही, आजही या खोऱ्यातले कुंभार ती वापरतात. पण मला करायचं होतं ते हे नव्हतं. सालीचे वाडगे तसेच ठेवले आणि रांजणासाठी भुग्याकडे वळलो.

30 ऑगस्ट

भुगा करायला खापरं हवीत. एका माणसाने "माराजोवरची अस्सल, जुनी" अशी पिशवीभर देऊ केली, 80 रेआलला. खरी असती तर ती विकत घेणं गुन्हा, कारण 1961 च्या कायद्याने पुरातत्त्वीय अवशेषांना इथे संरक्षण आहे. आणि खोटी असली तर 80 रेआलची वीट. दोन्हीकडून नाहीच म्हटलं. मावशींच्या भट्टीतला फुटका माल मागच्या भिंतीला ढिगाने पडला होता, तो फुकट मिळाला. तुम्हीही असंच करा. जुनी खापरं उचलू नका, कुणी दिली तरी घेऊ नका.

3 सप्टेंबर

लाकडी उखळात कुटून तीन किलो भुगा व्हायला दोन दिवस लागले. मिसळण तीन घमेली मातीला एक घमेलं भुगा. नमुन्याच्या पट्टीवरची 10 सेंटिमीटरची रेघ वाळून 9.4. उत्तम.

चूक अशी की भुगा गव्हाच्या रव्याएवढा जाड ठेवला. चाचणीच्या फरशीवर कोरायला गेलो तर दर दोन बोटांवर हत्यार कणावर आपटून उडी मारायचं आणि रेघ तुटायची. बारीक चाळणीचा भुगा केला, तर कोरायला छान, पण उंच भिंत उभी राहीना, बसायला लागली. शेवटी तळ आणि पोट जाड भुग्याच्या मातीचं, आणि वर बारीक भुग्याच्या मातीचा बोटाहून कमी जाडीचा थर. जुन्या कारागिरांनी असंच केलं असेल असा माझा दावा नाही. माझं काम भागलं.

12 सप्टेंबर

रांजण बसला. अंगठ्याएवढ्या जाड वळ्या एकावर एक चढवत 22 सेंटिमीटरपर्यंत एका दमात गेलो, पोट बाहेर काढलं आणि चहा प्यायला उठलो. परत आलो तर पोट खाली लोंबत होतं, दुपारी पंगत उठल्यावर आजोबा बसतात तसं. सगळं मोडून पुन्हा मळलं.

13 ते 20 सप्टेंबर

दुसऱ्यांदा नेम केला: दिवसाला चार वळ्या, त्याहून एक जास्त नाही. काठावर ओलं फडकं आणि वर केळीचं पान, म्हणजे खालचं आवळतं आणि कड ओली राहते. प्रत्येक वळी आतून अंगठ्याने खाली ओढायची, बाहेरून शिंपल्याने वर. आठ दिवसांत 38 सेंटिमीटर, भिंत सव्वा सेंटिमीटर. रांजण जरा डावीकडे झुकलाय. मावशी म्हणाल्या, चाकावरचा वाटत नाही हे चांगलंच आहे.

24 सप्टेंबर

पांढरा लेप. इथल्या पांढऱ्या मातीला 'तबातिंगा' म्हणतात. ती पातळ कालवून एका वाळलेल्या चाचणी-वाडग्याला लावली, आणि दुसऱ्या दिवशी पापुद्रे सुटले. अंग आधीच आक्रसलेलं, लेप नंतर आक्रसतो, मग तो सुटणारच. रांजणावर मात्र अंग आंबटओलं असतानाच लावला, म्हणजे नखाची खूण उमटते पण बोट रुतत नाही तेव्हा. लेपात पावपट रांजणाचीच माती मिसळली आणि वर गुळगुळीत गोट्याने घोटलं. सुटला नाही.

वरून 'तौआ' या पिवळ्या मातीचा दुसरा पातळ लेप. ती भाजल्यावर लाल होते. आता लाल थर खरवडला की खालचा पांढरा दिसणार.

26 सप्टेंबर ते 5 ऑक्टोबर

कोरकाम. इथल्या दुपारच्या सरींनी माझी दुसरी छत्री मोडली, तिच्या काड्या घासून तीन हत्यारं केली: एक टोकदार, एक चपटी, एक वाकडी. विकतच्या हत्यारांपेक्षा चपटी काडी सरस ठरली, कारण तिला स्प्रिंग आहे आणि पांढऱ्या थरात रुतत नाही.

एक चौकोन असा होतो. आधी टोकाने नक्षीची दोन्ही बाजूंची हद्द आखायची, नुसती लाल थर चिरेल एवढी. मग चपटी काडी आडवी धरून हद्दीपासून मधल्या जागेकडे ओढायची, हद्दीकडे कधीच नाही. उलट ओढली की रेघेचा कोपरा उडतो. निघणारी माती नखाच्या कातरणासारखी वळून आली तर वेळ बरोबर. काडीला चिकटली तर अंग फार ओलं, भुकटी झाली तर उशीर झाला. तळहाताएवढ्या तुकड्याला मला पावणेदोन तास लागले. संग्रहालयात जवळजवळ माझ्या छातीपर्यंत येणारे रांजण आहेत, गळ्यापासून बुडापर्यंत भरलेले. आणि आंबटओलेपणा थांबत नाही. म्हणजे एकतर वाळणं रोखण्याची पक्की युक्ती, नाहीतर एका रांजणावर एकापेक्षा जास्त सरावलेले हात. मला दुसरं खरं वाटतं.

इथल्या पुरातत्त्वात या समाजाबद्दल मोठा वाद आहे. 1948-49 मध्ये बेटावर खणणाऱ्या बेटी मेगर्स आणि क्लिफर्ड इव्हान्स यांचं म्हणणं होतं की ही कला बाहेरून आली आणि इथल्या जंगलात तग न धरता उतरणीला लागली. ॲना रूझवेल्टने 1980 च्या दशकात खणून त्याच्या उलट मांडलं, की हा समाज इथेच वाढला आणि शतकानुशतकं टिकला. छत्रीची काडी हातात घेऊन दहा दिवस बसल्यावर मी दुसऱ्या बाजूला आहे. असला हात उपऱ्या ठिकाणी, उतरणीच्या काळात, पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही.

10 ऑक्टोबर

मोठं नुकसान. 8 तारखेला सीरिओ दे नाझारे, म्हणजे बेलेमची पंढरीची वारी. लाखो माणसं रस्त्यावर, मावशींचं घर पाहुण्यांनी भरलेलं, काम चार दिवस बंद. मी रांजण प्लास्टिकमध्ये गुंडाळून गेलो होतो, पण प्लास्टिकला पाठीमागून भोक पडलेलं दिसलं नाही. परत आलो तर मागचा, न कोरलेला भाग हाडासारखा वाळलेला. ओलं फडकं रात्रभर बांधून पाहिलं, सकाळी त्या जागचा लेपच फुगला. तेवढा भाग खरवडून साधा लाल ठेवला. रांजण भिंतीला पाठ लावून ठेवायचा, झालं.

15 ऑक्टोबर

सांतारेंहून बोटीने आलेल्या ओळखीच्या माणसाने पिशवीभर 'कौइशी' आणला. गोड्या पाण्यातला स्पंज, पुरात बुडणाऱ्या झाडांच्या फांद्यांना चिकटून वाढतो. यंदा दुष्काळ इतका की नद्यांचं पाणी कुठल्या कुठे गेलंय. मानाउसजवळ एरवी पाण्याखाली असलेल्या खडकांवर कोरलेले जुने चेहरे उघडे पडलेत. फांद्यांवर स्पंज नुसते लोंबत होते म्हणे. सांतारेंच्याच बाजूला तापेरिन्या नावाचा शिंपल्यांचा ढीग आहे, तिथे सात हजार वर्षांपेक्षा जुनी खापरं मिळाली आहेत. दोन्ही अमेरिका खंडांत त्यांच्याइतकी जुनी खापरं फार थोडी.

हे सगळं त्या माणसाशी बोलत बोलत मी स्पंज उघड्या हातांनी, बिनमास्कचा, खलबत्त्यात कुटला.

17 ऑक्टोबर

काम शून्य. मनगटापासून कोपरापर्यंत, मानेला, पापण्यांच्या कडेला खाज. कौइशी म्हणजे काचेच्या सुया, डोळ्याला दिसत नाहीत इतक्या बारीक. आधी खाजखुजलीसारखं वाटतं, पण धुतल्याने जात नाही. चिकटपट्टी लावून ओढल्यावर जरा निघालं. डोळ्यांत गेला असता तर दवाखान्यात जावं लागलं असतं. करणार असाल तर ओला करूनच कुटा, हातमोजे, चष्मा आणि मास्क घालून, आणि उरलेली भुकटी घरात आणू नका. त्याचा केलेला एक छोटा वाडगा मात्र आजवरचा सगळ्यात हलका आणि चिवट आहे, हे नाइलाजाने लिहितो.

29 ऑक्टोबर

पहिली भाजणी: तीन तांगा, पाच वाडगे. मावशी भट्टी देत होत्या, मी उघड्या जाळावर अडून बसलो. खाली वाळलेलं लाकूड, मध्ये माल, वर अकाईच्या बिया. इथे अकाई फळाचा रस रोज प्यायला जातो, बियांचे डोंगर उरतात आणि भट्ट्यांत जळतात.

पेटवल्यावर वीस मिनिटांत फाट-फाट. दोन तांगा फुटले, एका वाडग्याचं बूड उडालं. सहा दिवस सावलीत वाळवलेला माल मी कोरडा धरला होता. पण या हवेत मडकं कधीच पूर्ण कोरडं होत नाही. फळीवर मीठसुद्धा पाझरतं.

दुसरी फजिती रंगाची. उरलेल्या तांग्यावर लाल रेघा मी 'उरुकूं'ने काढल्या होत्या. ही आपली शेंदरी, मूळची या बाजूचीच. भाजल्यावर रेघा गायब. झाडाचा रंग जाळात राहील तरी कसा! जाळात टिकतो तो मातीचा रंग. वीस वर्षं मुलांना रंग शिकवणाऱ्याने करायची चूक नव्हे ही.

11 नोव्हेंबर

रांजण चार दिवस मावशींच्या भट्टीच्या भिंतीला टेकवून ठेवला, दर काही तासांनी फिरवत. आज सकाळी तीन तास दूरच्या निखाऱ्यांवर शेकला, उपडा, तीन विटांवर. आतून आरसा धरला की धुरकटायचा. तो धुरकटणं थांबलं तेव्हाच जाळ जवळ आणला. ही आरशाची युक्ती लक्षात ठेवा.

तापमापकाची तार 180 रेआलची. तिने 640 अंश सेल्सिअस दाखवले आणि मग तिचंच वेष्टण वितळलं. पुढे रंगावर चाललो, मंद लाल दिसेपर्यंत. सगळा जाळ साडेपाच तास. रात्रभर राखेतच ठेवला.

12 नोव्हेंबर

निघाला. काठाला एक उभी चीर, चार सेंटिमीटरची. एका बाजूला तळहाताएवढा काळा डाग, तिथे लाकूड टेकलं होतं. बाकी लाल लाल झालाय आणि पांढरा पांढराच राहिलाय. फुटलेल्या तांग्याची कड पाहिली तर बाहेरून विटकरी आणि मध्ये काळी पट्टी, जुन्या खापरांत दिसते तशीच. ते पाहून बरं वाटलं.

आतून जुताइसिका लावली, जातोबा झाडाचा डिंक. तो गरम मडक्यावर चोळला की वितळून पसरतो. पहिल्यांदा मडकं फार तापलं होतं, डिंक पेटला आणि धुराने सगळे बाहेर पळाले. दुसऱ्यांदा थेंबभर पाणी टाकून पाहिलं. ते नाचत उडून न जाता नुसतं वाफाळलं तेव्हा चोळला, आणि काचेसारखा थर बसला.

रांजण बसमधून मांडीवर घेऊन घरी आणला. शेजारच्या आजींनी विचारलं, आत काय आहे? रिकामा आहे म्हटल्यावर जरा हिरमुसल्या. इनामगावच्या उत्खननात मिळालेला चार पायांचा रांजण आठवला. त्यात जोर्वे काळातला, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा, एक माणूस बसलेल्या स्थितीत पुरला होता. तो घडवणाऱ्याला आतली जागा किती लागेल हे आधी माहीत असणार. मी माप घेतलं ते काचेबाहेरून आणि जमेल तेवढ्या उंचीचं.

14 नोव्हेंबर: हिशेब

जागेचं भाडं 900 रेआल (शेवटचे दिवस मावशींनी सोडले), माती 60, चुकीची साल 45, बरोबर साल 30, लाकूड-बिया 110, तापमापक 180, बस 320, डिंक 25, मास्क-हातमोजे (उशिरा) 20. एकूण 1,690, म्हणजे साधारण 28,700 रुपये.

रांजणाचे तास: भुगा कुटणं 11, वळ्या 14 (बसलेला पहिला धरला नाही), लेप आणि घोटाई 9, कोरकाम 31, शेकणं-भाजणं 12. एकूण 77.

पुढच्या वेळी: सालीच्या नादी न लागता थेट भुग्यापासून सुरुवात. कोरकाम सीरिओच्या आधी संपवणं किंवा नंतर सुरू करणं. आणि भाजणीआधी आरसा.

फुटके तांगा आणि बूड उडालेला वाडगा आज उखळात घातला. दोन किलो बारीक भुगा निघाला, डब्यावर तारीख टाकून मावशींच्या फळीवर ठेवलाय.